कवेलू (मातीची कौले) काढून टिनपत्रे टाकलेल्या जुन्या घराचा माळा : हवा खेळती कशी करावी?

देवळीकर

नमस्कार. वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यात आमचे आजोबांच्या काळातले घर आहे. भिंती दीड फूट जाडीच्या, खालचा भाग दगडमातीचा आणि वरचा विटांचा. त्यांवर सागवानी मयाली (तुळया), मयालींवर फळ्यांचा माळा आणि माळ्यावर दोन पाख्यांचे छप्पर अशी रचना आहे. घराची लांबी पूर्व-पश्चिम ३६ फूट आणि रुंदी २० फूट आहे. माळ्याच्या फळ्यांपासून आढे (छपराचा सर्वांत उंच कणा) सुमारे सात फूट उंच आहे. वळचणीजवळ मात्र वाकूनही जाता येत नाही, रांगावे लागते.

पूर्वी या छपरावर कवेलू होते. गावात वानरांचा उपद्रव वाढला, त्यांच्या एकेका उडीत पाच-दहा कवेलू फुटू लागले, पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरायला (काढून पुन्हा नीट बसवायला) माणूस मिळेनासा झाला आणि माणूस मिळालाच तर नवे कवेलू मिळेनात. म्हणून वडिलांनी काही वर्षांपूर्वी कवेलू उतरवून त्याच वाशांवर पट्ट्या मारून टिनपत्रे टाकले. गळती थांबली, वानरांचा प्रश्नही बराच सुटला (उजाडता उजाडता त्यांची टोळी पत्र्यावरून धावते तेव्हा पाहुणे दचकून उठतात, एवढेच), परंतु घराचा उन्हाळा पार बदलला. मार्चअखेरपासून दुपारी माळ्यावर क्षणभर थांबवत नाही आणि रात्री अकरा वाजले तरी मधल्या खोलीतला पंखा वरची गरम हवाच खाली ढकलत राहतो. कवेलू असताना हीच खोली घरातली सर्वांत गार होती आणि आई दुपारी तिथल्या बंगईवर (झोपाळ्यावर) पडत असे. उलट हिवाळ्यात पहाटे पत्र्याला आतून पाणी सुटते आणि त्याचे थेंब माळ्यावर ठेवलेल्या सोयाबीनच्या पोत्यांवर पडतात.

वर्ध्यातील एका दुकानदाराने पत्र्यावर दोन टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्याने फिरून आतली हवा बाहेर ओढणारे गोल पंखे) बसवण्याचा सल्ला दिला आहे. गावातला वायरमन म्हणतो की पूर्वेकडच्या भिंतीत मोठा एक्झॉस्ट पंखा लावा. मेहुण्यांचे मत असे की यातले काहीही न करता खालून सिलिंग मारून घ्यावे. तिन्ही खर्चाची कामे असल्याने जाणकारांचे मत घेऊनच हात घालावा असे वाटते. घर पाडून स्लॅब टाकण्याचा विचार तूर्त नाही, हे आधीच सांगतो.

जुना ओव्हरसियर, अमरावती

देवळीकर भाऊ, आपण मोजमापे दिलीत हे फार बरे केले. बहुतेक जण फक्त "घर तापते" एवढेच लिहितात आणि मग उत्तरे हवेत जातात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कवेलूचे छप्पर हे मुळात हवेशीर छप्पर असते. एका कवेलूवर दुसरे नुसते ठेवलेले असते, त्यांना सिमेंट नसते, चुना नसतो, आणि प्रत्येक जोडातून थोडी थोडी हवा ये-जा करत असते. माळ्यावर तापलेली हवा हलकी होऊन आढ्याकडे चढते आणि शेकडो फटींतून बाहेर पडते. तिची जागा घ्यायला वळचणीतून बाहेरची हवा आत येते. हे काम दिवसरात्र, विजेशिवाय, कोणाच्या लक्षातही न येता चालू होते. आपण पत्रे टाकलेत तेव्हा गळतीच्या फटींबरोबर या सगळ्या फटी बंद झाल्या. शिवाय मातीचे कवेलू जाड असते, ते तापायला वेळ घेते. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा मात्र उन्हात पाहता पाहता साठ-सत्तर अंशांपर्यंत जातो. म्हणजे उष्णता वाढली आणि तिची वाटही बंद झाली.

तेव्हा पहिला प्रश्न पंखा कोणता हा नसून माळ्यावर हवा येते कुठून हा आहे. आपण एक पाहणी करावी. भर दुपारी, दिवे बंद करून, माळ्यावर वळचणीच्या कडेला भिंत आणि पत्रा जिथे भेटतात तिथे पाहावे. पन्हळी पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीखाली भिंतीच्या माथ्यावर एक अर्धगोल पोकळी राहते. ती मोकळी असेल तर उजेडाचे तुकडे रांगेने दिसतील. पण आपल्याकडचे गवंडी साप, उंदीर आणि पावसाचे तुषार नकोत म्हणून या पोकळ्या सिमेंटने किंवा विटांच्या तुकड्यांनी बुजवून टाकतात, आणि घरधन्यालाही ते नीटनेटके वाटते. त्याच वेळी एक उदबत्ती पेटवून तिचा धूर कोणीकडे जातो तेही पाहावे. माळ्यावर कापूस किंवा कडबा असेल तर अर्थातच उदबत्ती नको.

टर्बो व्हेंटिलेटरविषयी. यंत्र वाईट नाही. कारखान्यांच्या आणि गोदामांच्या शेडवर ते चांगले काम करते, कारण तिथे शटर उघडे असते आणि खालून भरपूर हवा येते. पण खालची वाट बुजलेली असेल तर वरून ओढणारे काहीही बसवून उपयोग नाही. चुलीच्या तोंडाशी माती लिंपून धुराडे कितीही उंच केले तरी जाळ धरत नाही, तसेच ते होईल. शिवाय आपल्या गावातली वानरे त्या फिरत्या पात्यांना किती दिवस धड ठेवतील याबद्दल मला शंका आहे, आणि पत्र्याला पाडलेले प्रत्येक मोठे भोक ही पावसाळ्यातली एक संभाव्य गळती असते, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.

एक्झॉस्ट पंख्याचा धोका वेगळा आहे. माळ्याला बाहेरून पुरेशी हवा मिळत नसताना ताकदीचा पंखा लावला तर तो फळ्यांच्या सांध्यांतून खालच्या खोल्यांतली हवा वर ओढतो. म्हणजे जाड भिंतींनी जपलेली थोडीफार गार हवा आपण विजेचे पैसे भरून बाहेर टाकणार, आणि तिच्या जागी दारांखिडक्यांतून चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांची झळ घरात येणार. घरात चूल असेल तर तिचा धूरही उलटा खोल्यांत खेचला जाऊ शकतो. आणि दुपारी वीज गेली की पंखा बंदच.

आता मोजमाप. अमेरिकेतल्या बांधकाम संहितांत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेवा भाग इतकी मोकळी वाट असावी असा एक जुना ठोकताळा आहे. तो मुख्यतः थंड मुलखातल्या दमटपणासाठी आहे, आपल्या उन्हासाठी नव्हे, म्हणून मी त्याला किमान समजतो. आपला माळा ३६ गुणिले २० म्हणजे ७२० चौरस फूट. दीडशेवा भाग म्हणजे साधारण ४.८ चौरस फूट. त्यातला अर्धा खाली वळचणीत आणि अर्धा वर आढ्याजवळ. दोन्ही बाजूंच्या वळचणी मिळून ७२ फूट लांबी होते. पन्हळीची खोली पाऊण इंच धरली तर सरासरी मोकळीक तिच्या निम्मी, म्हणजे पन्हळींखालच्या पोकळ्या नुसत्या मोकळ्या केल्या तरी सव्वादोन चौरस फूट वाट मिळते. मात्र तिच्यावर जाळी आली की प्रत्यक्ष मोकळीक बरीच घटते, म्हणून शक्य तिथे भिंतीच्या माथ्याची एखादी वीट सोडवून वाट वाढवावी. खालची वाट वरच्यापेक्षा थोडी जास्त असलेली केव्हाही चांगली.

वरची वाट मी आपल्या घरात पत्र्यात न काढता पूर्व-पश्चिम टोकांच्या त्रिकोणी भिंतींत, आढ्याच्या अगदी खाली काढीन. दोन्हीकडे साधारण दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच झरोके, त्यांत बाहेरच्या बाजूला खाली कललेल्या पट्ट्या आणि आतून जाळी. पट्ट्या आणि जाळी यांमुळे मोकळी जागा जवळजवळ निम्मी होते, म्हणून झरोके हिशोबापेक्षा मोठे सांगितले आहेत. पश्चिमेकडच्या झरोक्यावर चांगला फूटभर पुढे आलेला छज्जा हवा, कारण आपल्याकडे पावसाचा मारा त्याच बाजूने येतो.

आढ्यावरची टोपी (दोन पाख्यांचा सांधा झाकणारा पत्रा) दोन-तीन इंच उचलून तिच्या दोन्ही कडांना जाळी लावणे हा दुसरा मार्ग आहे आणि तत्त्वतः तो अधिक चांगला, कारण हवा सर्वांत उंच जागेवरून निघते. हिंगणघाट, पुलगावकडच्या जुन्या कापूस-जिनांच्या शेडवर आढ्यावर दुसरे छोटे छप्पर उचललेले दिसते ते याचसाठी. पण ते काम चांगल्या मिस्त्रीचे आहे. टोपीची झाकण दोन्ही बाजूंना पुरेशी खाली आली नाही तर पहिल्याच वादळी पावसात माळा भिजतो.

खामगावकर

एवढा खटाटोप कशासाठी, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आमच्याकडे पत्र्याखाली पीव्हीसीचे सिलिंग मारले आणि खोलीत पत्र्याची झळ लागणे बंद झाले. दिसायलाही घर चांगले दिसते. दोन दिवसांत काम होते आणि भिंती फोडाव्या लागत नाहीत.

जुना ओव्हरसियर, अमरावती

खामगावकर, आपल्या घरात माळा नसावा, पत्र्याखाली थेट खोली असावी, असे धरून चालतो. तिथे सिलिंगने फरक पडतो हे मान्य आहे, कारण पत्र्याची धग आणि माणूस यांच्यामध्ये काहीतरी आडवे आले. देवळीकरांच्या घरात ते आडवे आधीपासूनच आहे, सागवानी फळ्यांचे. त्याखाली आणखी एक पातळ थर मारल्याने वर कोंडलेली हवा कमी होणार नाही. ती दिवसभर तापत राहील आणि रात्रभर खाली उष्णता सोडत राहील. आणि जुन्या लाकडी घरात सिलिंग मारल्यावर वरच्या मयालींना उधई (वाळवी) लागली तरी ती दिसत नाही, हा मला सर्वांत मोठा धोका वाटतो. ज्या घराचे लाकूड हेच घर आहे तिथे लाकूड डोळ्यांसमोर राहिले पाहिजे.

आपण "झळ" हा मुद्दा काढलात ते मात्र योग्यच आहे, आणि माझ्या पहिल्या उत्तरात तो राहिला होता. पत्रा दोन प्रकारांनी त्रास देतो. एक तर तो आतली हवा तापवतो. ती झरोक्यांनी काढता येते. दुसरे म्हणजे तापलेल्या पत्र्याची धग सरळ खालच्या फळ्यांवर पडते, मध्ये वारा वाहत असला तरीही. शेकोटीच्या बाजूने वारा गेला म्हणून तोंडावरची धग थांबत नाही. म्हणून नुसत्या झरोक्यांनी माळा कवेलूच्या काळासारखा गार होईल अशी आशा धरू नये. धगेसाठी पत्र्याच्या वरून पांढरा रंग आणि खालून चकाकता थर, हे दोन उपाय आहेत.

रंगाबाबत एक सावधगिरी. मातीच्या धाब्यावर (सपाट छपरावर) किंवा स्लॅबवर चुना फासणे स्वस्त आणि उत्तम आहे. पत्र्यावर ओला चुना फासू नये, कारण चुना जस्ताचा मुलामा खातो आणि वर पावसात धुपूनही जातो. पत्र्यासाठी आधी योग्य प्रायमर आणि त्यावर छपरासाठीचा पांढरा ॲक्रिलिक रंग वापरावा. शेजारच्या तेलंगणाने २०२३ साली उष्णता परतवणाऱ्या छपरांसाठी राज्याचे धोरणच जाहीर केले. तिथेही भर अशाच पांढऱ्या, ऊन परतवणाऱ्या थरांवर आहे.

चकाकता थर म्हणजे ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली शीट. ती पत्र्याला चिकटवू नये. पट्ट्यांच्या खालून, पत्र्यापासून इंच-दोन इंच अंतर सोडून, चकाकी खाली येईल अशी ताणावी. चकाकी वर ठेवली तर काही महिन्यांत तिच्यावर धूळ बसते आणि ती निकामी होते. वळचणीकडे आणि आढ्याकडे हातभर जागा मोकळी सोडावी, म्हणजे पत्रा आणि शीट यांच्या मधली हवा खालून वर वाहत राहते. ही शीट प्लॅस्टिकयुक्त असेल तर विजेच्या उघड्या जोडांपासून आणि धुराड्यापासून ती दूर राहील याची काळजी घ्यावी.

सोनाली, यवतमाळ

ओव्हरसियर काकांनी छपराचे सांगितलेच आहे. मी खालच्या खोलीचे आणि कुलरचे लिहिते, कारण उन्हाळ्यात घराचा गारवा शेवटी त्यावरच ठरतो आणि याचा माळ्याशी जवळचा संबंध आहे.

आमचे घर राळेगावच्या बाजूला आहे आणि रचना जवळपास अशीच आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की कुलर फार चांगले काम करतो, पण एका अटीवर, की त्याने आत ढकललेली हवा बाहेर जायला वाट हवी. पुष्कळ घरांत कुलर लावून सगळी दारे बंद करतात, तासाभरात खोली दमट होते, अंग चिकचिकते आणि मग कुलरला दोष दिला जातो. सहसा समोरची खिडकी उघडी ठेवा असे सांगतात. त्याऐवजी ही वाट वरून दिली तर एका हवेत दोन कामे होतात. मधल्या खोलीच्या फळ्यांत माळ्यावर चढायची चौकट असतेच. तिची झडप कुलर चालू असताना उघडी ठेवावी. खोलीतली वापरलेली पण अजून पस्तीस अंशांच्या आतली हवा वर जाते, माळ्यावरची त्याहून कितीतरी तापलेली हवा पुढे रेटते आणि ती झरोक्यांतून बाहेर पडते. झरोके नसतील तर मात्र हे करू नये. हवा कुठेच जाणार नाही. झडपेचा आकार निदान कुलरच्या तोंडाएवढा असावा.

कुलर बंद असताना दिवसा झडप बंद. रात्री जेवणानंतर बाहेरची हवा उतरली की उलटे करावे : खालच्या खिडक्या आणि झडप दोन्ही उघड्या. मग झरोक्यांकडे आपोआप ओढ लागते आणि भिंतींत साठलेली उष्णता पहाटेपर्यंत निघून जाते. सकाळी आठच्या आत खिडक्या पुन्हा बंद कराव्यात. आमच्या आजी हे सगळे कुलर येण्याच्या आधीपासून करत होत्या, फक्त तेव्हा झडपेला झडप नव्हती, शिडी लावलेले उघडे भोक होते.

पावसाळ्यात झडप बंद ठेवावी, कारण तेव्हा खालचा दमटपणा वर जाऊन लाकडात मुरतो.

आणखी एक. पत्र्यावर उन्हाळ्यात पऱ्हाट्या किंवा तुराट्या (कापसाची किंवा तुरीची वाळलेली झाडे) पसरण्याची पद्धत आपल्या भागात आहे. त्याने सावली पडते हे खरे, पण एप्रिलमधल्या वाळलेल्या पऱ्हाटीवर एक ठिणगी पडली तर काय होते ते आपण सगळे जाणतो. कोणी हा सल्ला दिला तर कृपया ऐकू नये.

धानपट्टा, गोंदिया

हिवाळ्यातल्या थेंबांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे पाऊस आणि दमटपणा आपल्यापेक्षा जास्त, त्यामुळे हा त्रासही जास्त. रात्री आकाश निरभ्र असले की पत्रा आपली उष्णता वर आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. खालच्या खोल्यांतला श्वासांचा, स्वयंपाकाचा आणि धान्याचा ओलावा फळ्यांतून वर चढतो, गार पत्र्याला लागतो आणि तिथे त्याचे पाणी होते. कवेलू हे पाणी शोषून घेत असे आणि दिवसा सोडून देत असे. पत्र्याला ते जमत नाही. वळचण आणि झरोके मोकळे झाले की ओलावा साठायच्या आत बाहेर जाईल, त्यामुळे थेंब पुष्कळच कमी होतील. तरीही काही राहिलेच तर ओव्हरसियर साहेबांनी सांगितलेल्या शीटवर ते अडतील.

शीट परवडत नसेल किंवा प्लॅस्टिक नको असेल तर बुरडांकडून बांबूचे टट्टे विणून घ्यावेत आणि त्यांवर शेणमातीचा पातळ हात देऊन पट्ट्यांखाली बांधावेत. चकाकत्या शीटइतकी धग ते परतवणार नाहीत, पण अडवतील, आणि थेंब शोषून घेतील. कवेलूखाली टट्टा घालण्याची रीत जुनीच आहे. सेवाग्राम आपल्याला जवळ आहे. तिथल्या आश्रमातल्या, १९३६ पासून उभ्या राहिलेल्या कुट्या एकदा फक्त छप्पर पाहण्यासाठी पाहून याव्यात. माती, बांबू आणि कवेलू यांत वारा कुठून येतो आणि कुठून जातो हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसते. वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने शंकूच्या आकाराची पोकळ मातीची कौले एकमेकांत बसवून कमानदार छते केली आहेत, तीही पाहण्यासारखी आहेत. आपल्या घराला ती लागू पडणार नाहीत, पण छपरात पोकळी ठेवण्याचे महत्त्व लक्षात येईल.

आणि भाऊ, सोयाबीन घरचे बियाणे म्हणून ठेवले असेल तर ते माळ्यावरून आजच खाली उतरवा. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल फार नाजूक असते; उष्णता आणि ओलावा दोन्हींनी त्याची उगवण झपाट्याने घटते. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. माळ्यावर मे महिना काढलेले बियाणे तिथपर्यंत पोचेल असे मला वाटत नाही. पेरणीपूर्वी उगवण तपासून घ्यावीच.

देवळीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी बॅटरी न घेता माळ्यावर गेलो. ओव्हरसियर साहेबांचा अंदाज बरोबर निघाला : दक्षिणेकडच्या वळचणीत एकही उजेडाचा तुकडा दिसला नाही, सगळ्या पन्हळी सिमेंटने गच्च भरलेल्या आहेत आणि वर गिलाव्यासारखा हातही फिरवलेला आहे. उत्तरेकडे कोपऱ्यातल्या चार-पाच पन्हळी तेवढ्या उघड्या होत्या आणि नेमक्या तिथेच भिंतीवर खारींनी चिंध्या आणून ठेवलेल्या आहेत. उदबत्तीचा धूर डोक्याच्या वर हातभर सरळ गेला आणि मग आढ्याखाली चादरीसारखा आडवा पसरून तिथेच लोंबकळत राहिला. कुठल्याही बाजूला गेला नाही. सोयाबीनची पोती उतरवून ओसरीतल्या लाकडी फळ्यांवर ठेवली आहेत.

झरोके आणि वळचण करायचे ठरले आहे. शीट आणि रंग पुढच्या टप्प्यात, कापसाचे पैसे हाती आल्यावर. तीन शंका राहतात. वळचण उघडली तर साप, उंदीर आणि वटवाघळे यांचे काय करावे? डासांची बारीक जाळी लावली तर एकाच खर्चात डासही थांबतील का? आणि माळ्याच्या फळ्यांवर जुना मातीचा थर आहे, तो झाडून काढावा की ठेवावा? मिस्त्री म्हणतो की काढा, वजन कमी होईल.

जुना ओव्हरसियर, अमरावती

मातीचा थर काढू नये. आपल्या जुन्या लोकांनी तो फळ्यांचे सांधे बुजवण्यासाठी आणि वरची उष्णता खाली येऊ नये म्हणूनच घातलेला असतो, आणि या घरात पत्रा आणि आपली मधली खोली यांच्यामध्ये आज तेवढे एकच खरे अडसर आहे. मयालींना वाक आलेला नसेल आणि टोके भिंतीत कुजलेली नसतील तर वजनाची काळजी नसावी. टोके मात्र टोच्याने टोचून नक्की पाहावीत; टोच्या सहज आत गेला तर आधी सुताराला बोलवावे आणि झरोके नंतर.

डासांची जाळी वळचणीत लावू नये. आपल्याकडच्या धुळीने आणि कापसाच्या तुसाने ती एका हंगामात गच्च होते आणि मग आपण पुन्हा सिमेंट भरल्यासारखेच झाले. डास खोलीच्या खिडक्यांवर आणि हवे तर झडपेवर अडवावेत, माळ्यावर नव्हे. वळचणीत आणि झरोक्यांत पाव इंच चौकोनाची जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी लावावी. तिच्यातून उंदीर, खार आणि वटवाघूळ जात नाही आणि मोठा साप तर नाहीच. अर्धा इंच चौकोन चालेल असे कोणी सांगेल, पण उंदराची पिल्ले त्यातून जातात. झरोक्यावर बाहेरून वानरांसाठी जाड सळयांची चौकट वेगळी बसवावी, कारण वानरे पातळ जाळी हाताने ओढून काढतात. खारींच्या चिंध्या काढण्यापूर्वी आत पिल्ले नाहीत ना, ते पाहून घ्यावे.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट तपासणे अत्यंत आवश्यक आहे आणि ती म्हणजे पत्र्यांची पकड. वळचण बंद असते तेव्हा वादळाचा वारा पत्र्यावरून जातो आणि त्याला वर ओढतो. वळचण उघडली की तोच वारा आतही शिरतो आणि पत्र्याला खालून रेटतो. दोन्ही बळे एकत्र येतात. मे महिन्यातल्या वावटळी-वादळांत गावोगावी पत्रे उडतात ते बहुधा कडेपासून सुटत जातात. म्हणून वळचणीची, आढ्याजवळची आणि दोन्ही टोकांची ओळ आधी पक्की करावी : हुक-बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर, एक सोडून एक, नवे वॉशर घालून. आपल्या पट्ट्या जुन्या वाशांवर नुसत्या खिळ्यांनी मारल्या असतील तर तिथे लोखंडी पट्टीचे कडे टाकून त्या वाशांना बांधाव्यात, आणि वासे भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडाला. ही बांधणी झाल्याशिवाय सिमेंट फोडू नये, मिस्त्री कितीही घाई करो.

सिमेंट फोडताना हातोडा पत्र्याकडे न मारता भिंतीकडे मारावा, नाहीतर पन्हळी दबते आणि पावसाचे पाणी तिथून आत वळते. एकदम सगळी लांबी न उघडता आधी दक्षिणेकडची बाजू आणि पूर्वेचा झरोका करून घ्यावा, पुन्हा उदबत्ती लावून पाहावी आणि मग उत्तर आणि पश्चिम. जाळी भिंतीच्या माथ्यावर बारीक खिळ्यांनी न ठोकता लाकडी पट्टीवर स्क्रूने बसवावी, म्हणजे दर वर्षी मेअखेरीस, पूर्वी जेव्हा कवेलू फेरत असू तेव्हा, ती काढून झाडता येईल.

देवळीकर

पट्ट्या खिळ्यांवरच आहेत, आताच पाहून आलो. वेल्डिंगवाल्याला कड्यांचे माप दिले आहे. पश्चिमेच्या झरोक्याचा छज्जा पत्र्याचा करावा की फरशीचा?

जुना ओव्हरसियर, अमरावती

फरशीचा. दीड फूट जाड भिंतीत ती नऊ इंच आत धरली की पक्की बसते, वादळात उडत नाही आणि वानर बसले तरी आवाज होत नाही. बाहेरच्या कडेला खालून पाण्याची खाच घ्यायला गवंड्याला विसरू देऊ नये.